हराळीचं मैदान

त्या दोन वर्षांत आमच्या घरात कुणी मांडी घालून शांतपणे जेवल्याचं मला आठवत नाही. आई शेगडीपाशी उभी, कारण वरच्या मजल्यावरच्या आणि मी धरून अठरा पोरींच्या भाकऱ्या थापून होईपर्यंत तिला बसायला सवड नसे. अण्णा ताट हातात घेऊन दारात उभे, कारण दारातून मैदान दिसायचं आणि मैदानात कुणाचं जनावर शिरलं की घास तसाच टाकून त्यांना धावावं लागे. आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन. क्लबच्या ग्रुपवर निरोप यायचा तो नेमका जेवणाच्या वेळेला, असा माझा पक्का समज झाला होता. निरोप बहुतेक एकच असे, पगार पुढच्या महिन्यात नक्की. आई विचारायची, "काय आलं का?" मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." ती पुढची भाकरी तव्यावर टाकायची. तो पुढचा महिना कधी यायचा, कधी नाही यायचा. पण त्याची वाट बघत बसायची सुद्धा आम्हाला सोय नव्हती, कारण बसतंच कोण होतं?

क्लब म्हणजे रग्बीचा क्लब. निघोज्याच्या शिवारात रग्बी, हे ऐकून आजही लोक हसतात, तेव्हा हसले यात नवल नाही. गावात त्याला कुणी रग्बी म्हणतच नसे. चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा, म्हणून तो नारळाचा खेळ आणि आम्ही नारळवाल्या पोरी. सात जणी या बाजूला, सात त्या बाजूला. चेंडू पोटाशी धरून पळायचं, समोरच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा, आणि आडवी येणारी तुम्हाला कमरेला मिठी मारून पाडणार. आमच्या शेठनी हा क्लब काढला तेव्हा त्यांची कंपनी तीन पाळ्यांत चालत होती. डिझेल इंजिनाला लागणारा एक सुटा भाग ते बनवत. त्यांची मुलगी परदेशात शिकताना हा खेळ खेळली, शेठ तिला भेटायला गेले आणि हे खूळ डोक्यात घेऊनच परतले. पोरींना महिन्याचा पगार, राहायला जागा, दोन वेळचं जेवण. खेळण्याचा पगार मिळतो ही गोष्ट आमच्यातल्या एकीच्याही घरी आधी कुणाला पटली नव्हती. मला तर पहिला पगार हातात आल्यावरही पटली नव्हती.

कंपनीची मागची भिंत आणि आमचं मैदान यांच्यामध्ये फक्त एक ओढा होता. त्यामुळे कंपनीतल्या प्रेस मशीनचा आवाज आमच्या घरात सदा मुक्कामाला असे. धप्प, मग दोन श्वास, पुन्हा धप्प. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या आवाजाने आईला झोप येत नसे. वर्षभराने उलटं झालं. रात्रपाळी बंद झाली आणि त्या शांततेने आईची झोप उडाली. "बंद झालं की ओ," ती अण्णांना म्हणाली. ग्रुपवर निरोप आला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी. मग दुसरी पाळी गेली. दुपारी चारनंतर नुसते कावळे ओरडायचे. शेठच्या ऑफिसातल्या कुणालाही विचारायची आम्हाला गरज नव्हती, आमच्या क्लबची तब्येत आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होती. डिझेलच्या गाड्या कमी झाल्या तर निघोज्यातल्या अठरा पोरींची भाकरी कमी होते, हे गणित मला कुठल्या शाळेने शिकवलं नव्हतं, त्या प्रेसने शिकवलं. अजूनही घरातला पंखा किंवा फ्रिज अचानक बंद पडला की मी हातातलं काम सोडून कान देते.

आमच्या घरातली तिन्ही माणसं त्या एकाच खुंटीला टांगलेली होती. मी खेळायची, आई पोरींचं जेवण करायची, अण्णा मैदान राखायचे. अण्णा मूळचे परांड्याकडचे, पैलवान. त्यांच्या तालमीत मी रांगले, चालायला लागले, असं आई सांगते. ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली की अण्णा मला तालमीतल्या मातीत सोडून द्यायचे आणि स्वतः जोर मारायचे. लाल, भुसभुशीत माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं. तिचा वास माझ्या अंगात आईच्या पदराच्या वासाच्याही आधी शिरलेला. पुढे गावात पोट भरेना म्हणून इकडे आलो. अण्णा एका फोर्जिंगच्या कारखान्यात कंत्राटावर लागले, कंत्राट सुटलं आणि मी क्लबात घेतली गेले तेव्हा आमच्या कोच रोझी मॅडमनी त्यांना मैदानावर ठेवून घेतलं. मॅडम पुण्याच्या कॅम्पातल्या, चार फूट दहा इंच उंच, पण त्यांच्या शिट्टीला ओढ्यापलीकडची कुत्रीसुद्धा थबकत.

मैदान होतं सोपानरावांचं. गावातले जुने शेतकरी, आमची इमारतही त्यांचीच. मुरमावर वीतभर काळी माती टाकून तिच्यावर हराळी वाढवली होती. पण पाणी कमी आणि पोरींचे पाय जास्त, त्यामुळे ती जमीन एवढी घट्ट झाली होती की पडलं की गुडघा सोलून निघायचा. संध्याकाळी अण्णा हळद आणि खोबरेल तेल वाटीत कालवून जिन्यात बसायचे आणि पोरी रांगेने गुडघे पुढे करायच्या. शीतल नेहमी पहिली. शीतल आमची कप्तान आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. पिंपरीची. आजोबा कंपनीत, वडील दवाखान्यात वॉर्डबॉय, आणि ही पहिली, खेळावर पगार घेणारी. "जयभीम काकी, आज काय?" असं ओरडतच ती स्वयंपाकघरात शिरायची आणि झाकणं उघडून बघायची. हुलग्याचं माडगं असलं की तोंड वाकडं करून दोन वाट्या प्यायची. तिचे गुडघे सगळ्यात वाईट होते, कारण पाडायला तीच सगळ्यांच्या पुढे. अण्णा तिच्या गुडघ्यावर हळद लावत पुटपुटायचे, "ही जमीन न्हाई, हा वैरी हाय. मातीत पडलं की मातीनं झेलावं मानसाला." आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या पैलवानाची आपली एक टकळी.

माघ संपत आला होता तेव्हा बातमी आली की शेठ क्लब विकणार. कुणी मोठी कंपनी होती, बंगळूरची, तिला संघ हवा होता. त्यांची माणसं रविवारी येणार, खेळ बघणार, मैदान बघणार आणि मग ठरवणार, क्लब इथेच ठेवायचा की काय करायचं. शेठ गेटापाशी फोनवर कुणाला तरी सांगत होते ते अण्णांनी ऐकलं. तीन पोरींचे गुडघे गेलेत, जमीन दगडासारखी आहे, त्यावरून ती माणसं आढेवेढे घेतायत. अण्णांनी ते घरी येऊन आईला सांगितलं आणि ताट तसंच ठेवून मैदानावर फिरायला गेले. दारातून मला ते दिसत होते. दहा पावलं चालायचे, वाकायचे, टाच आपटून बघायचे, पुन्हा दहा पावलं.

त्याच आठवड्यात माझ्या नावाचं एक पत्र आलं होतं. गाड्यांच्या वायरी जोडणारी एक कंपनी पोरी भरत होती. कायम होण्याची शक्यता, बस, कँटीन. आईने माझा फॉर्म गुपचूप भरून दिला होता. सोमवारी हजर व्हायचं, शनिवारी मेडिकल. शीतलला मी सांगितलं तेव्हा ती बुटाची नाडी बांधत होती. ती म्हणाली, "जा की, कोमल. पण रविवार खेळून जा. आपण सगळ्या उभ्या राहिलो तर क्लब राहील." तिचा विश्वास होता. माझा नव्हता, आणि नाहीही नव्हता. मला आता आठवतं ते एवढंच की मी थकले होते. खेळून नाही, खेळण्याने माणूस झोपतो तरी. मी त्या 'नक्की'ला थकले होते. मनातल्या मनात मी रोज एकदा क्लब बुडवायचे आणि रोज एकदा वर काढायचे. एकदाचं काहीतरी होऊन जाऊ दे, बरं किंवा वाईट, एवढीच माझी प्रार्थना होती. तसली प्रार्थना वाईट. देव त्यातला सोपा अर्धा तेवढा ऐकतो.

शनिवारी मॅडमनी सरावाला सुट्टी दिली होती आणि बाकीच्या सगळ्या पोरी नवे मोजे आणि रिबिनी आणायला पिंपरी कॅम्पात गेल्या होत्या. मी मेडिकलला गेले. डोळे तपासले, रक्त घेतलं, एका पायावर उभं केलं. दुपारी स्कूटीवरून परत येताना ओढ्याच्या अलीकडेच मला ट्रॅक्टरचा आवाज आला. मैदानाच्या गेटापाशी आले आणि गाडी बंद केली. सोपानरावांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून मैदानात फिरत होता आणि त्याच्या मागे अण्णा अनवाणी चालत होते. जवळजवळ अर्धं मैदान उलटं झालं होतं. हिरवी हराळी तुकडे तुकडे होऊन काळ्या मातीत मिसळली होती. मधल्या भागात अण्णांनी पिवळं काहीतरी पसरलं होतं, आणि कडेला कॅन मांडले होते. ताकाचा आंबूस वास पार गेटापर्यंत येत होता. त्यांची पाठ माझ्याकडे होती. वीस वर्षांनी लहान झाल्यासारखे ते चालत होते.

हे काय होतंय ते मला त्या क्षणी कळलं. कळलं नाही असं मी आजवर पुष्कळांना सांगितलंय, ते खोटं आहे. अण्णा त्या मैदानाचा आखाडा करत होते. पाहुण्यांची तक्रार जमीन कडक असल्याची, तर पैलवान माणूस आणखी काय करणार? रग्बीला घट्ट मुळांचं गवत लागतं, पाय रोवायला जमीन लागते, हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. अर्धं मैदान अजून शिल्लक होतं. एक हाक मारायची होती. मी तोंड उघडलं सुद्धा. आणि मग माझ्या आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. हलकं वाटलं. मनात आलं, झालं, आता उद्या काय होणार याचा घोर नको, सोमवारी वायरीच जोडायच्या. मी स्कूटी पायाने मागे ढकलली, चालू न करता वळणापर्यंत नेली आणि दुसऱ्या वाटेने घरी गेले. घरी आई दह्याचं पातेलं शोधत होती; बाहेरचा ट्रॅक्टर सोपानरावांच्या रानातला असेल असं तिने धरलं होतं. रविवारच्या कढीसाठी विरजलेलं सगळं दही आणि दोन किलो हळद घरातून नाहीशी झाली होती. "मांजर हळद खाईल का गं?" ती मला विचारत होती. मी म्हटलं, मला काय माहीत. आणि सोमवारी घालायच्या कपड्यांना इस्त्री करत बसले.

पोरी अंधार पडल्यावर परतल्या, थेट जेवल्या आणि झोपल्या. मैदान त्यांना दिसलं ते रविवारी सकाळी सात वाजता. शीतल गेटातून आत पाऊल टाकून थांबली, घोट्यापर्यंत रुतलेल्या बुटाकडे बघत राहिली. रोझी मॅडम धावत आल्या. अण्णा गोलच्या खांबाला कुंकू लावत होते. त्यांनी अंघोळ करून पांढरा फेटा बांधला होता, खांबापाशी उदबत्ती लावली होती, नारळ ठेवला होता. त्यांनी हसून आमच्याकडे बघितलं, आणि आमचे चेहरे बघून त्यांचं हसू हळूहळू निघून गेलं. मॅडम म्हणाल्या, "बाबा, हे काय केलं तुम्ही?" आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. तेवढ्यात सोपानराव कुंपणापाशी आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आरं पैलवान, समदं रान उपटून ठिवलंस की. मला वाटलं मॅडमनीच सांगितलंय. आता हितं काय भुईमूग लावायचा व्हय?" त्यांचाच पुतण्या, त्यांच्याच घरचा ट्रॅक्टर, तरी विचारलं त्यांनीही नव्हतं.

गाड्या आल्या. शेठ उतरले, त्यांच्यामागे एक तरुण मुलगा हातात टॅब घेऊन, आणि एक काटकुळ्या, आखूड केसांच्या बाई. त्या स्वतः खेळाडू होत्या हे त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं. शेठ मैदान बघून लाल झाले. "कुणी केलं हे?" मी शीतलच्या मागे सरकले. अण्णा पुढे आले आणि म्हणाले, "म्या केलं. कुनाला इचारलं न्हवतं. पोरींला लागतंय म्हनून." मग त्यांनी वाकून चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली आणि ओंजळभर माती त्या बाईंपुढे धरली, आखाड्यात उतरताना जोडीदाराला देतात तशी. बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी माती हातात घेतली, बोटांनी कुस्करली, वास घेतला. त्या टॅबवाल्या मुलाने इंग्रजीत काहीतरी म्हटलं, आणि निघायचं म्हणून घड्याळ दाखवलं. बाईंनी मॅडमकडे बघून विचारलं, "खेलेंगे?" मॅडमनी आमच्याकडे बघितलं. शीतलने बूट काढले. मग आम्ही सगळ्यांनी काढले.

आमच्यातच सात-सात जणी वाटून झालेला तो सामना मला चेंडूपेक्षा पायांनी आठवतो. शीतलसारखी वाऱ्यासारखी पळणारी पोर त्या मातीत ढेकळागत पडत होती. एकीचा पाय पडतोय तर दुसरा उचलत नाही. सगळ्या धापा टाकत होत्या. आणि माझे पाय मला न विचारता चालू लागले. टाच टेकवायचीच नाही, चवड्यावर, आखूड पावलं, गुडघे वर. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी रांगले होते त्या मातीत. ताकाचा, हळदीचा वास नाकात शिरला आणि मला भूक लागल्यासारखं पळावंसं वाटलं. मी चेंडू घेतला की कुणी मला गाठू शकत नव्हतं. चारदा मी रेषा ओलांडली. पडले तेव्हा माती मला झेलत होती, अण्णा म्हणत तशी. त्या चौदा मिनिटांत मी क्लब, वायरी, सोमवार, सगळं विसरले, आणि हेही सांगते, मी इतकी आनंदात होते की मला लाज वाटायला हवी होती आणि वाटली नाही. कुणाचाही गुडघा फुटला नाही त्या दिवशी. ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठ दिवसांनी निकाल आला. मैदान नको, इमारत नको, क्लब इथे राहणार नाही. मॅडमना आणि अठरापैकी चार पोरींना बंगळूरला नेणार. चार नावांत माझं पहिलं होतं. शीतलचं नव्हतं. बाकीच्या चौदा जणींनी सामान बांधलं. वरच्या मजल्यावर पत्र्याच्या पेट्या ओढल्याचा आवाज दिवसभर येत राहिला. शीतल निघताना स्वयंपाकघरात आली, आईच्या पाया पडली, माझ्याकडे बघितलं नाही. जिन्यात अण्णा बसले होते, हळदीची वाटी शेजारी, सवयीने. तिने त्यांच्यासमोर थांबून विचारलं, "काका, खरं सांगा. मुद्दाम केलं ना? कोमलसाठी? हिलाच तेवढं पळता येतं त्यात. कुणीही म्हणेल, बापानं लेकीसाठी रान नांगरलं." अण्णा उठून उभे राहिले. मला वाटलं आता ते चिडतील. ते एवढंच म्हणाले, "पोरी, तुजा गुडगा जप." शीतल रडत खाली गेली. मी दाराच्या आत उभी होते, तिथून चार पावलांवर. तेव्हा बाहेर येऊन म्हणायचं होतं, त्यांना काही ठाऊक नव्हतं, मला होतं, मी बघितलं आणि थांबवलं नाही. मी नाही आले बाहेर.

वायरीच्या कंपनीत मी हजर झालेच होते, पाच दिवस कामही केलं होतं. मी आईला म्हटलं, मी इथेच राहते, जात नाही. मला वाटत होतं की मी गेले नाही तर अण्णांवरचा आळ आपोआप उतरेल. माझा त्यागही असा आयता होता. अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "न्हाई गेलीस तर लोक म्हनतील, मनात चोर व्हता म्हनून ऱ्हायली. जा. पळता येतं तर पळ." मी गेले. पुढचे दोन हंगाम मी बंगळूरला एका मोठ्या मैदानावर खेळले. गवत असं की गालिचा. जेवण यंत्रासारखं वेळेवर. आणि तिथेही दुसऱ्या वर्षी ग्रुपवर निरोप यायला लागले, पुढच्या महिन्यात नक्की. मोठ्या कंपनीचं खूळही आमच्या शेठसारखंच उतरतं, फक्त इंग्रजीत उतरतं. मी परत आले.

इकडे इमारतीत आता कामगारांना खोल्या दिल्या होत्या. आई पाळीच्या पोरांना डबे द्यायची. अण्णा एका कंपनीच्या गेटावर सिक्युरिटीत लागले होते. मी आले त्या दिवशी त्यांची सुट्टी होती, ते घरी नव्हते. "कुठं असणार," आई म्हणाली, "डबा भरलाय, तूच घेऊन जा." मी ओढ्याच्या कडेने गेले आणि गेटापाशी थांबले. मैदान हिरवंगार होतं, इतकं दाट की माती कुठे दिसत नव्हती. हराळी तशीच असते म्हणे. मुळापासून उपटली तर मरते, पण रोटाव्हेटरने तुकडे केले की प्रत्येक तुकडा फुटतो. कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असतं, पैलवानाला नसतं. सोपानराव कुंपणावरून म्हणाले, "दोन वर्सं रोज पानी पाजतोय तुजा बाप. आमी म्हनलं, पैलवान, खेळायला हाय कोन? तर म्हनतो, जमीन तयार असावी." खांब गंजले होते, पण उभे होते. आज तिथे पत्र्याचं भलं मोठं गोदाम आहे आणि हराळी त्याच्या फरशीच्या फटींतून अजून डोकं काढते, मी मागच्याच महिन्यात बघून आले.

त्या दिवशी मला बघून अण्णांनी पाण्याचा पाइप बंद केला. आम्ही गवतावर बसलो, खांबाच्या सावलीत. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कढी होती. मी तळवा टेकवून बघितला. गवत खाली दबलं आणि पुन्हा वर आलं. एवढं मऊ मैदान बंगळूरलाही नव्हतं. मला राहवेना. दोन वर्षं जे गिळून बसले होते ते मी बोलून टाकलं. म्हटलं, "अण्णा, त्या शनिवारी मी आले होते. ट्रॅक्टर चालू होता. मी गेटातून बघितलं आणि काही न बोलता गेले." मी त्यांच्याकडे बघत नव्हते, गवताकडे बघत होते.

अण्णा भाकरी मोडत होते. मोडता मोडता म्हणाले, "म्हाईत हाय की."

"कसं?"

"ट्रॅक्टर त्या टोकाला व्हता, तवा गाडीचा आवाज आला अन् बंद पडला. म्या वळून बघितलं, तवा तू खाली बघून गाडी लावत व्हतीस. म्या फुडं बघून चालायला लागलो." त्यांनी भाकरीचा तुकडा कढीत बुडवला. "निम्मं रान ऱ्हायलं व्हतं तवा. मनात धाकधूकच व्हती माज्या, आपन करतोय ते बरूबर हाय का न्हाई. मग तू बघितलंस अन् काय न बोलता गेलीस. म्हनलं, पोरगी खेळनारी हाय, तिला कळतं. चुकत आसतं तर बोलली आसती. मग म्या ऱ्हायलेलं निम्मं केलं."

शेठसमोर ते हे बोलले नव्हते. शीतलसमोर बोलले नव्हते. दोन वर्षं गावाने त्यांना लेकीसाठी रान नांगरणारा बाप म्हणून हसून घेतलं, तेव्हाही नाही. मी विचारलं, "सांगितलं का नाहीत कुणाला?"

"काय सांगायचं त्यात," ते म्हणाले. "तू खेळायला चालली व्हतीस."

मी उठायला गेले. कुठे जाणार होते कुणास ठाऊक. अण्णांनी माझ्या मनगटाला धरून मला खाली बसवलं आणि माझ्यापुढे कढीची वाटी सरकवली.

"जेव," ते म्हणाले. "बसून जेव."